लुकलुकत जाणारा उपग्रह आणि हातातले स्टॉपवॉच

२६ मार्च २०१६ रोजी जपानच्या 'हितोमी' या क्ष-किरण वेधशाळा-उपग्रहाशी संपर्क तुटला. कक्षेत सोडून जेमतेम सव्वा महिना झाला होता. रडारवर त्याच्या आसपास तुकडे दिसू लागले होते. पण मूळ उपग्रह शाबूत असून फक्त गप्प झाला आहे की मोडलाच आहे, हे लगेच सांगता येत नव्हते. मग हौशी निरीक्षकांनी घेतलेल्या चित्रफिती पुढे आल्या. धड असलेला उपग्रह एकसारख्या प्रकाशाने सरकत जातो. हा भडकत होता, मंदावत होता, पुन्हा भडकत होता. म्हणजे गरगरत होता. प्रकाशाच्या या चढउतारावरून एका फेऱ्याचा काळ सुमारे ५.२ सेकंद निघाला. २८ एप्रिलला जपानी अवकाशसंस्था जाक्साने उपग्रह परत मिळवण्याचे प्रयत्न थांबवले.

एवढ्या दूरच्या वस्तूचे फिरणे जमिनीवरून, तेही साध्या साधनांनी, कसे मोजता येते? मोजणे सोपे आहे. जो आकडा हाती आला तो नेमका कशाचा, हे ठरवणे मात्र अवघड आहे. या लेखाचा बराचसा भाग त्यावरच खर्ची पडणार आहे.

दिवा नव्हे, कवडसा

उपग्रहावर दिवा नसतो. अपवाद आहेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके. आपल्याला दिसतो तो त्याच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश. म्हणून उपग्रह पाहण्याची वेळ सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयापूर्वीचा तास-दीड तास: आपण अंधारात, पण काहीशे किलोमीटर वर अजून ऊन. मध्यरात्री खालच्या कक्षेतले बहुतेक उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात.

हातात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ सगळ्यांनीच लहानपणी केलेला असतो. आरसा जरासा वळवला की कवडसा भिंतभर पळतो. फिरणारा उपग्रह असाच कवडसा जमिनीवरून फिरवत असतो, आणि तो आपल्या डोळ्यांवरून जातो त्या क्षणी आपल्याला चमक दिसते. आरसा एक अंश वळला तर कवडसा दोन अंश सरकतो. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची. त्यामुळे दहा सेकंदांत एक फेरा घेणाऱ्या अगदी सपाट, गुळगुळीत पृष्ठभागाची चमक सेकंदाच्या सुमारे सात सहस्रांशच टिकते. खरे पृष्ठभाग सुरकुतलेले, वाकलेले असतात, म्हणून चमक पसरते आणि जास्त टिकते.

चमक कधी पडणार हे एका दिशेवर ठरते. उपग्रहावरून सूर्य एका दिशेला आणि आपण दुसऱ्या. या दोहोंच्या बरोबर मधल्या दिशेला 'दुभाजक' म्हणू. सपाट पत्र्याचे तोंड नेमके दुभाजकाकडे आले तरच तो आपल्याकडे चमकतो. नळकांड्याचे तसे नाही. त्याची बाजू सर्व अंगांनी गोल, म्हणून त्याचा लांब अक्ष दुभाजकाला काटकोनात आला की पुरे.

आकाशात हा फरक स्पष्ट दिसतो. गुलांट्या खाणारा रॉकेटचा टप्पा, म्हणजे नळकांडे, उगवल्यापासून मावळेपर्यंत चमकत राहतो. पत्र्यांचा उपग्रह बराच वेळ मंद असतो, मध्येच पाच-सात झगझगीत चमका देतो आणि पुन्हा विझतो. कारण त्याच्या पत्र्याचे तोंड दुभाजकाजवळून तेवढ्याच वेळात जाते.

हे का फिरतात?

काम चालू असलेल्या उपग्रहाला त्याची यंत्रणा धरून ठेवते. ती बंद पडली की धरणारे कुणी उरत नाही. रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे काम तर उपग्रह सोडला की संपते: वेगळे होतानाचा धक्का, टाकीत उरलेले इंधन आणि दाबाखालचा वायू बाहेर पडताना बसणारा रेटा, यांतून तो फिरू लागतो.

सुरुवातीला लांब अक्षाभोवती फिरणारी वस्तूही बहुधा पुढे टोकावरून टोकावर गुलांट्या खाऊ लागते. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेने सोडलेल्या 'एक्स्प्लोरर-१'ने हे पहिल्यांदा दाखवून दिले. तो पेन्सिलीसारखा लांबट होता आणि लांबीच्या अक्षाभोवती फिरत राहावा अशी योजना होती. त्याच्या चार लवचीक अँटेना हलत राहिल्या, त्या हलण्यात फिरण्याची ऊर्जा झिजली, आणि थोड्याच वेळात तो आडवा गुलांट्या खाऊ लागला. ऊर्जा झिजते पण कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण जोर) टिकतो, तेव्हा वस्तू सर्वांत कमी ऊर्जेच्या फिरण्याकडे जाते. लांबट वस्तूसाठी ते फिरणे म्हणजे गुलांटी. टाकीत डचमळणारे इंधनही तेच करते.

'अवकाशात घर्षण नाही, मग वेग बदलतो कशाने?'

हा प्रश्न हटकून येतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात धातूचे कवच फिरले की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. ॲल्युमिनियमच्या मोठ्या टाक्यांवर हा ब्रेक चांगला चालतो. म्हणून रॉकेटच्या टप्प्याचा चमक-काळ, म्हणजे लागोपाठच्या दोन चमकांमधला वेळ, वर्षागणिक वाढत जातो आणि शेवटी चमकणे इतके संथ होते की ओळखू येत नाही.

दुसरे कारण सूर्यप्रकाशाचा दाब. तो अगदी नगण्य, पण उपग्रहाचा आकार एकांगी असेल तर वर्षानुवर्षे एकाच बाजूने ढकलत राहतो. हा रेटा वेग वाढवूही शकतो. समुद्राची उंची मोजणारा 'टोपेक्स/पोसायडन' २००६ च्या सुरुवातीला बंद पडला. २०१६ पर्यंत तो अकरा सेकंदांहून कमी वेळात एक फेरा घेऊ लागला होता, आणि वेग वाढतच होता. याउलट युरोपचा आठ टनी 'एन्व्हिसॅट', जो एप्रिल २०१२ मध्ये गप्प झाला, तो २०१३ मध्ये सुमारे १३५ सेकंदांना एक फेरा घेत होता आणि मंदावत होता. दोघेही निकामी, दोघांच्या कक्षा माहीत, तरी फिरणे उलट दिशांनी बदलले. नुसत्या गणितावर का भागत नाही, मोजावेच का लागते, ते यातून कळते.

कोणती वस्तू निवडावी

यादीत नावापुढे 'आर/बी' अशी खूण असेल तर तो रॉकेटचा टप्पा. सोव्हिएत काळातल्या 'कॉसमॉस-३एम' रॉकेटचे सुमारे सहा मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद टप्पे आजही शेकड्यांनी वर आहेत. साध्या दुर्बिणीतून दिसतात. 'झेनित-२'चे टप्पे अकरा मीटर लांब, नऊ टनांच्या आसपास, आणि नुसत्या डोळ्यांना सहज दिसतील इतके तेजस्वी. सुरुवातीला पाच ते वीस सेकंद चमक-काळाची वस्तू घ्यावी. त्याहून जलद असेल तर मोजणी चुकते, त्याहून संथ असेल तर एका दर्शनात पुरेशा चमका मिळत नाहीत.

जपानचा 'अजिसाई' (आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक १९८६-०६१ए) मोजायला नव्हे, ओळख व्हायला पाहावा. २.१५ मीटर व्यासाच्या या गोळ्यावर ३१८ आरसे बसवले आहेत. १९८६ मध्ये सोडला तेव्हा तो मिनिटाला सुमारे ४० फेरे घेत असे, आता त्याहून बराच सावकाश फिरतो. तरीही चमका इतक्या भराभर येतात की स्टॉपवॉचचे बोट त्यांना पुरे पडत नाही.

कोणती वस्तू कुठून, किती वाजता जाणार, हे 'हेव्हन्स-अबव्ह'सारखी संकेतस्थळे किंवा 'स्टेलेरियम'सारखी तारांगणाची प्रणाली सांगते. कक्षेची आकडेवारी ताजी, दोन-चार दिवसांतली असावी. वस्तूचा पाच आकडी सूची-क्रमांक आधीच लिहून ठेवा. त्याच भागातून त्याच मिनिटाला दुसराच उपग्रह जाणे हे मुळीच दुर्मीळ नाही, आणि भलत्याच उपग्रहाची अचूक वेळ काही कामाची नाही. पुरावा म्हणून आपला उपग्रह एखाद्या ओळखीच्या ताऱ्याजवळून कधी गेला ती वेळ टिपावी. नंतर पडताळता येते.

दुर्बीण आणि घड्याळ

७×५० किंवा १०×५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण पुरते. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटींचा मोह टाळावा. आठशे किलोमीटर उंचीवरून डोक्यावर जाणारी वस्तू सेकंदाला सुमारे अर्धा अंश सरकते. म्हणजे सात अंशांचे दृश्यक्षेत्र ती चौदा सेकंदांत ओलांडते. चमक-काळ वीस सेकंद असेल आणि मधल्या वेळात वस्तू दिसेनाशी होत असेल, तर पुढची चमक दहा अंश पलीकडे पडणार. म्हणून न दिसणाऱ्या वस्तूच्या वेगानेच दुर्बीण सरकवत राहावे लागते. नवख्याच्या हातून वस्तू निसटते ती इथेच. सरावासाठी आधी न चमकणाऱ्या उपग्रहाचा पाठलाग करावा आणि मध्ये चार-पाच सेकंद डोळे मिटून पुन्हा तो क्षेत्रात सापडतो का ते पाहावे.

घड्याळ लॅपचे, म्हणजे प्रत्येक दाबाला मधली वेळ साठवणारे हवे, आणि शक्यतो खऱ्या बटणाचे. मोबाइलच्या गुळगुळीत पडद्यावर अंधारात बोट चुकते, आणि पडद्याचा उजेड डोळ्यांची अंधाराची सवय मोडतो. त्याहून बरी युक्ती म्हणजे ध्वनिमुद्रण: प्रत्येक चमकेला तोंडाने 'टक' म्हणायचे आणि नंतर संगणकावर ध्वनीच्या आलेखातून वेळा वाचायच्या. डोळे दुर्बिणीवरून हलत नाहीत, आणि 'ही मंद होती', 'ढग आला' असे शेरेही जागच्या जागी नोंदले जातात.

प्रत्यक्ष मोजणी

दोन चमकांमधला वेळ मोजू नका. पहिल्या आणि शेवटच्या चमकेतला वेळ मोजा आणि मधल्या अंतरांच्या संख्येने भागा. समजा, १८ अंतरांना १५१.२ सेकंद लागले: चमक-काळ ८.४० सेकंद. बोटाची चूक प्रत्येक टोकाला ०.२ सेकंद धरली तर दोन्ही मिळून (वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन) सुमारे ०.२८ होते, ती १८ अंतरांत वाटली जाऊन ०.०२ सेकंदाहूनही कमी उरते. एकच अंतर मोजले असते तर पूर्ण ०.२८ची चूक माथी बसली असती.

पहिल्या चमकेला 'शून्य' म्हणायचे, 'एक' नाही. 'एक' म्हटले की १८ अंतरांना १९ ने भागले जाते आणि उत्तर ७.९६ येते. गंमत म्हणजे आकडा दिसायला ठाकठीक असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

चमक निसटली तर लॅपच्या नोंदी उपयोगी पडतात. ८.३, ८.५, १६.९, ८.४ अशी मालिका आली तर तिसऱ्या अंतरात एक चमक हुकली हे उघड आहे. तिथे दोन अंतरे धरायची.

दाबायला होणारा उशीर प्रत्येक वेळी सारखाच असेल तर वजाबाकीत तो निघून जातो. खरा घोळ वेगळा आहे. सात-आठ चमकांनंतर हाताला ताल सापडतो आणि तो चमक दिसण्याआधीच, अंदाजाने दाबू लागतो. मग आपण उपग्रह मोजत नसतो, स्वतःचा ताल मोजत असतो. लॅपमधली अंतरे संशयास्पदरीत्या एकसारखी येऊ लागली की हेच झाले समजावे.

सगळ्याच वस्तू टोकदार चमका देत नाहीत. काहींचा प्रकाश हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. कमाल तेज नेमके कधी, हे डोळ्याला ठरवता येत नाही. अशा वेळी सर्वांत मंद क्षण बहुधा जास्त ठळक असतो, तो टिपावा. वस्तू दिसेनाशीच होत असेल तर नाहीशी झाल्याची आणि परत दिसल्याची वेळ घेऊन मधली वेळ काढावी.

८.४ सेकंद, पण कशाचे?

गुलांट्या खाणाऱ्या नळकांड्याचा अक्ष एका फेऱ्यात दोनदा दुभाजकाला काटकोनात येतो. त्यामुळे एका फेऱ्याला दोन चमका. चमक-काळ ८.४ असेल तर फेरा १६.८ सेकंदांचा. ही दुपटीची गफलत या छंदातली सर्वांत जुनी आहे.

दोन्ही चमका अगदी सारख्या असतील तर नुसत्या डोळ्यांनी उलगडा होत नाही. एक ठळक, एक फिकट असे आलटून-पालटून होत असेल तर होतो. नळकांडे सपाट गुलांटी खात असेल, म्हणजे त्याचा अक्ष एकाच प्रतलात फिरत असेल, तर दोन चमका फेऱ्याच्या बरोबर अर्ध्यावर येतात. अंतरे ७.९, ८.९, ७.९, ८.९ अशी लंगडत येत असतील तर अक्ष शंकूसारखा डोलत आहे, किंवा चमक नळकांड्याची नसून दुसऱ्याच एखाद्या भागाची आहे. म्हणून नुसती सरासरी न लिहिता सगळे लॅप जपून ठेवावेत. सरासरीत हे लंगडणे पुसले जाते.

दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. वस्तू आकाशातून जाताना आपल्याकडची दिशा बदलत असते, म्हणून दुभाजकही वळतो, साधारण त्याच्या निम्म्याने. समजा, त्या १५१ सेकंदांत वस्तूकडून पाहता आपली दिशा ५० अंश वळली. दुभाजक वळला २५ अंश, म्हणजे फेऱ्याचा चौदावा हिस्सा. वस्तूचे एकूण फेरे नऊ. तेव्हा सर्वांत वाईट स्थितीत, दुभाजक फिरण्याच्याच प्रतलात वळत असेल तर, आकडा पाऊण टक्क्याने, म्हणजे ८.४० मध्ये सहा-सात शतांशांनी चुकेल. स्टॉपवॉचची चूक दोन शतांश, आणि नुसत्या भूमितीची तिच्या तिप्पट! फिरण्याची दिशा दुभाजकाच्या वळण्याबरोबर असेल तर काळ जास्त भासतो, उलट असेल तर कमी. हे विसरून '८.४०३ सेकंद' लिहिणे म्हणजे निव्वळ दिखावा.

याचा फायदाही करून घेता येतो. वस्तू डोक्यावर असताना दुभाजक भराभर वळतो, क्षितिजाजवळ हळू. दोन्ही भागांत वेगवेगळे मोजले आणि चमक-काळात नियमित फरक सापडला, तर फिरण्याच्या दिशेचा सुगावा लागतो.

'कॅमेरा लावला की झाले, नाही का?'

कॅमेऱ्याला ताल चढत नाही, हा मोठा गुण. पण त्याच्याही खोडी आहेत. तीस सेकंद उघडा ठेवून काढलेल्या छायाचित्रात रेघेवर चमकांचे मणी मोजता येतात. मात्र अनेक कॅमेऱ्यांत '३० सेकंद' म्हणजे प्रत्यक्षात ३२ सेकंद असतात. आकडा तिथेच सहा-सात टक्क्यांनी चुकतो. मोबाइलच्या चित्रफितीत सेकंदाला किती चौकटी हे प्रमाण मधूनमधून बदलते, म्हणून चौकटी मोजून वेळ काढू नये. प्रत्येक चौकटीची साठवलेली वेळ वाचावी. सेकंदाला पंचवीस चौकटी घेतल्या तर एक चौकट चाळीस सहस्रांश सेकंदांची. आरशासारखी सात सहस्रांशांची चमक त्यात पातळ होते, आणि डोळ्याला लख्ख दिसलेली चमक चित्रफितीत फिकट निघते.

'हे काम यंत्रांना सोडा'

आक्षेप रास्त आहे. रशियातली 'मिनी-मेगाटॉर्टोरा' ही नऊ भिंगांची स्वयंचलित दुर्बीण उपग्रहांचे प्रकाश-आलेख आपोआप नोंदवते, आणि त्या आलेखांच्या बारकाव्याशी माणूस स्पर्धा करू शकत नाही. लेसरने अंतर मोजणारी केंद्रेही फिरणे मोजतात, पण त्यांना प्रकाश आल्या दिशेला परतवणारे परावर्तक बसवलेलेच उपग्रह सोयीचे पडतात. रॉकेटच्या टप्प्यांवर ते सहसा नसतात. शिवाय फिरण्याचा बदल वर्षांच्या मापाने होतो. जुनी नोंद नसेल तर आजची कशाशी ताडणार? बेल्जियममधल्या हौशी निरीक्षकांच्या गटाने 'पीपीएएस' या नावाने जमवलेल्या चमक-काळांच्या संग्रहाची किंमत यातच आहे. अचानक घटलेला चमक-काळ गळती, टक्कर किंवा आतून सुटलेला वायू असे काही घडल्याची खूण असू शकते. पण ती ओळखायला आधीची ओळ वहीत असावी लागते.

त्या ओळीत सूची-क्रमांक, तारीख आणि जागतिक प्रमाणवेळ, निरीक्षकाचे अक्षांश-रेखांश, एकूण सेकंद, अंतरांची संख्या, अंदाजे चूक आणि शेरा एवढे हवे. शेऱ्यात जे दिसले तेच लिहावे: 'ठळक-फिकट आलटून-पालटून', 'तिसऱ्यानंतर एक हुकली'. 'फेरा १६.८ सेकंद' हा निष्कर्ष झाला. तो वेगळ्या रकान्यात.

चमकतच नसेल तर?

तीही नोंदच आहे, आणि तीच सर्वांत जास्त गाळली जाते. कक्षेतला मोठा कचरा पकडून खाली आणायचा तर तो किती गरगरतो हा पहिला प्रश्न असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटलेले 'अ‍ॅड्रास-जे' हे जपानी यान २००९ पासून कक्षेत असलेल्या 'एच-२ए' रॉकेटच्या टप्प्याजवळ गेले. अकरा मीटर लांब आणि तीन टन वजनाचा हा तुकडा जवळून घेतलेल्या चित्रांत बऱ्यापैकी स्थिर आढळला. लांबट वस्तू मंदावत मंदावत पृथ्वीच्या ओढीने उभी धरली जाऊ शकते, त्यामुळे जुन्या टप्प्यांत असे स्थिर तुकडे सापडणे अनपेक्षित नाही. तेव्हा चार मिनिटे डोळे ताणूनही चढउतार दिसला नाही तर वही मिटू नये. 'स्थिर, २४० सेकंद पाहिले, आकाश स्वच्छ' असे लिहावे. सेकंद लिहिणे महत्त्वाचे. एन्व्हिसॅटच्या वेगाने फिरणारी वस्तू वीस सेकंद पाहिली तर तीही स्थिरच वाटेल.